व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्राम, टीम्स की साधी ड्राइव्ह? वकिली ऑफिसातलं ज्ञान ठेवायचं कुठे

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं '४८२' शोधलं, की पहिली पाच-सात उत्तरं अटकपूर्व जामिनाची येतात. आणखी मागे गेलं की त्याच आकड्याखाली एफआयआर रद्द करण्याचे निवाडे लागतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ३० जून २०२४ पर्यंत कलम ४८२ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतले उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते; एफआयआर रद्द होतो तो याच अधिकारांखाली. दुसऱ्या दिवसापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि अंगभूत अधिकार ५२८ वर. दहा-पंधरा वर्षं कोर्टात काढलेल्याला हे मजकुरावरून लगेच कळतं. नुकतीच सनद घेऊन आलेल्या मुलीला कळत नाही. ती ग्रुपवरचा जुना मसुदा उचलते, नाव-गाव बदलते, कलम तसंच राहतं. आमच्याकडे तसा एक अर्ज सहीपर्यंत आला, तेव्हा कुठे आम्ही या विषयावर बसून बोललो.

आम्ही नऊ जण: दोन सीनिअर, पाच ज्युनिअर, एक टायपिस्ट, एक कारकून. मोठ्या लॉ फर्ममध्ये या कामाला 'नॉलेज मॅनेजमेंट' म्हणतात आणि त्यासाठी कोर्टात न जाणारे पगारी वकील ठेवतात. आमच्यासारख्या ऑफिसात ते खातं "अरे, त्या वाटपाच्या दाव्यात आपण काय लिहिलं होतं?" या आरोळीवर चालतं. तीन ते पंचवीस माणसांच्या ऑफिसाला काय परवडेल आणि काय टिकेल, एवढाच इथे प्रश्न आहे. मी यातले बहुतेक पर्याय वापरून पाहिलेत, त्यामुळे पुढचा मजकूर अगदी तटस्थ नाही.

व्हॉट्सॲप: विचारायला पहिला नंबर

शिकवावं लागत नाही, कारकुनालाही येतं, कोर्टाच्या व्हरांड्यातून एका हाताने चालतं. एक नमुना देतो. (कैफियत म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायचं लेखी उत्तर. डायरेक्टरी मुदत म्हणजे कारण पटलं तर कोर्ट वाढवू शकतं ती, मँडेटरी म्हणजे न वाढणारी. कमर्शियल सूट म्हणजे व्यापारी वादाचा दावा.) सव्वाअकरा वाजता ज्युनिअरचा मेसेज: "सर, ९० दिवसांनंतर कैफियत देतोय, समोरचे हरकत घेतायत. काही आहे का?" चार मिनिटांत सीनिअरचं उत्तर: "साधा दिवाणी दावा आहे ना? मग कैलास विरुद्ध नन्हकू, २००५. मुदत डायरेक्टरी आहे, मँडेटरी नाही. पण उशिराचं कारण नीट सांग. आणि कमर्शियल सूट असेल तर हे विसर, तिथे १२० दिवसांनंतर दार बंद. एससीजी काँट्रॅक्ट्स, २०१९."

एवढं नेमकं उत्तर कुठल्याही डेटाबेसमध्ये मिळत नाही, कारण त्यात निवाड्यासोबत 'हे कधी वापरू नकोस' हेही आहे. ऑफिसचं खरं ज्ञान ते हेच.

दीड महिन्याने दुसऱ्या ज्युनिअरने तोच प्रश्न टाकला. पहिलं उत्तर दिवाळीच्या शुभेच्छा, उद्याचा बोर्ड (कोर्टात लागलेल्या प्रकरणांची यादी) आणि कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंखाली गाडलेलं होतं. सीनिअरने परत लिहिलं, यावेळी घाईत, कमर्शियल सूटचा इशारा न देता. व्हॉट्सॲपमधला धोका मला तरी इथेच वाटतो: उत्तर हरवतं, आणि परत सांगताना ते झिजतं.

बाकीच्या अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी निवड करताना मोजायला हव्यात. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की मागची चर्चा त्याच्यापुढे आपोआप उघडत नाही. जुनी पीडीएफ उघडायला गेलं तर फाइल आता उपलब्ध नाही, पुन्हा पाठवायला सांगा, असा निरोप येतो; पाठवणारा तोवर ऑफिस सोडून गेलेला असतो. सगळा साठा प्रत्येकाच्या खाजगी फोनवर. माणूस गेला, तरी अशिलांची कागदपत्रं त्याच्या गॅलरीत राहतात.

गोपनीयतेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बरेच जण 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे' म्हणून निर्धास्त असतात. ते खरंच आहे, २०१६ पासून आहे. पण ते कुलूप वाटेवरच्या चोरासाठी आहे. ग्रुपमध्येच बसलेल्या बाहेरच्या माणसाला ते अडवत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम १३२ प्रमाणे अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि हे बंधन कारकून, दुभाषी आणि ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांवरही आहे. ऑफिसचा ग्रुप आणि वकील संघातल्या मित्रांचा ग्रुप फोनवर एकाखाली एक असतात. अंगठा जरा घसरला की अशिलाचा जबाब दीडशे वकिलांपुढे. 'डिलीट फॉर एव्हरीवन' करेपर्यंत कुणीतरी अंगठाही दाखवलेला असतो.

दुसरी चूक पुराव्याची. अशील चॅटचे स्क्रीनशॉट पाठवतो, आपण ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो आणि पुरावा जपला असं समजतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं: मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः कोर्टात आणून शाबीत केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ झालंय आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा जणू डिजिटल ठसा) लिहायची असते. म्हणून अशिलाला पहिल्याच भेटीत सांगायचं, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. ग्रुपवरचा स्क्रीनशॉट आपल्या वाचनासाठी.

टेलिग्राम: इथे फार वेळ घालवू नका

व्हॉट्सॲपच्या दोन अडचणी टेलिग्राम सोडवतं. नव्या माणसाला जुना मजकूर दिसू शकतो, आणि फाइली त्यांच्या सर्व्हरवर राहतात, त्यामुळे फोन बदलला तरी सापडतात. पण साधी चॅट आणि ग्रुप तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ती सोय फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये. अशिलाचं काही ठेवायची ती जागा नव्हे.

टेलिग्रामचं खरं आकर्षण वेगळंच आहे आणि ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: फुकटात मिळणारे लॉ रिपोर्टचे स्कॅन. न्यायालयाच्या मूळ निकालावर कुणाची मालकी नाही, पण हेडनोट (निकालाच्या डोक्यावरचा सारांश) आणि संपादकांनी घातलेली भर यांवर आहे, असं ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. अशिलांना कायदा पाळायला सांगणाऱ्या ऑफिसात चोरीची लायब्ररी शोभत नाही. गरजही उरलेली नाही: २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे रिपोर्ट 'ई-एससीआर'वर मोफत मिळतात, शोधताही येतात.

टीम्स आणि तत्सम: घर मोठं असेल तर

मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा स्लॅकसारख्या ठिकाणी विषयवार चॅनेल करता येतात. भाडेकरू कायदा एकीकडे, चेक बाउन्स दुसरीकडे, सुट्ट्यांची चर्चा तिसरीकडे. माणूस सोडून गेला की त्याचं खातं बंद करायचं, मजकूर ऑफिसकडे राहतो. कुणी काय पाहायचं ते ठरवता येतं. एकाच ऑफिसात कधी दोन भावांची दोन वेगळी प्रकरणं येतात, तेव्हा याची किंमत कळते. कागदावर हा सर्वात चांगला पर्याय आहे.

आमच्याकडे तो तीन आठवडे चालला. दर माणशी दर महिन्याचं बिल सुरू राहिलं आणि चॅनेल ओस पडले. कारण साधं होतं. दिवस कोर्टात जातो, हातात फोन असतो, फोनवर व्हॉट्सॲप उघडंच असतं. कारकुनांनी तर पहिल्याच दिवशी "हे नवीन काय आणि कशाला?" विचारलं आणि त्यांना पटेल असं उत्तर आमच्याकडे नव्हतं. जिथे बहुतेक काम टेबलावर होतं, म्हणजे करारमदार, ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधीची कागदपत्रांची तपासणी), कंपनी कायदा, तिथे चित्र वेगळं असतं. पंधरा-वीसहून जास्त माणसं आणि दोन शहरांत ऑफिस असेल तर माझा अनुभव बाजूला ठेवा आणि हेच घ्या.

ड्राइव्ह आणि एक तक्ता: दिसायला बावळट, पण टिकाऊ

शेवटी आम्ही इथे आलो. ऑफिसच्या नावाच्या खात्यावर एक ड्राइव्ह, तिच्यात मसुद्यांचे फोल्डर आणि एक तक्ता. 'ऑफिसच्या नावाच्या' हे शब्द मुद्दाम लिहिले. पहिली ड्राइव्ह एका हुशार ज्युनिअरने स्वतःच्या जीमेलवर उघडली होती. तो न्यायाधीशपदाची परीक्षा पास झाला, पेढे वाटले, गेला, आणि काही महिन्यांनी ड्राइव्हची जागा भरली म्हणून त्याने जुन्या फाइली साफ केल्या. त्याचा काहीच दोष नव्हता.

तक्त्यात सहा रकाने आहेत: प्रश्न, तीन ओळींत उत्तर, निवाड्याचं न्यूट्रल सायटेशन (कोर्टानेच दिलेला ओळख क्रमांक) व परिच्छेद, कोणत्या प्रकरणात वापरलं, कुणी तपासलं, कधी तपासलं. निवाड्याची पीडीएफ ठेवत नाही. ती कुठेही मिळते. परिच्छेद क्रमांक आणि 'हे कधी चालत नाही' हे मिळत नाही, म्हणून ते ठेवतो.

शेवटचा रकाना सर्वात उपयोगी निघाला. महाराष्ट्रात दाव्यावरच्या कोर्ट फीची कमाल मर्यादा बरीच वर्षं ३ लाख रुपये होती; जानेवारी २०१८ पासून ती १० लाख झाली. आमच्या जुन्या टिपणांत, जुन्या मेसेजांत सगळीकडे ३ लाखच आहे. तारीख नसलेलं टिपण नव्या टिपणाइतकंच खात्रीने बोलतं. तक्त्यात शेवटची तपासणी जुनी दिसली की ज्युनिअर आपणहून विचारते, "मॅडम, हे अजून तसंच आहे ना?" तेवढं पुरतं.

खटकणारी बाजू: तक्ता आपोआप भरत नाही. दर शनिवारी दुपारी एक ज्युनिअर आठवड्याचा ग्रुप चाळते, कामाची उत्तरं उचलते, सीनिअर वाचून सही केल्यासारखं नाव टाकतात. पाळी फिरती. चाळीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळेचं बिल कुणालाच लावता येत नाही. ही चाळीस मिनिटं द्यायची तयारी नसेल तर टीम्सचे पैसेही घालू नका. जे आज गाडलं जातंय ते तिथे जास्त व्यवस्थित गाडलं जाईल.

लिंक्डइन आणि एक्स: ही वेगळीच गोष्ट

बरेच जण यांनाही ज्ञान व्यवस्थापनात धरतात. आत येणारं ज्ञान म्हणून मला मान्य आहे: निकाल लागला की संध्याकाळपर्यंत एक्सवर बातमी असते. फक्त बातमीचा मथळा आणि आदेशाचा शेवटचा परिच्छेद यांत अनेकदा मैलभर अंतर असतं. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी काय म्हणाले ते 'कोर्टाने ठरवलं' म्हणून फिरतं. आमच्या तक्त्यात पोस्टची लिंक चालत नाही. निकाल वाचला असेल तरच नोंद.

बाहेर जाणाऱ्या ज्ञानाबाबत जपून. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात किंवा कामाची याचना करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी माहिती द्यायची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकील 'विकणाऱ्या' ऑनलाइन पोर्टलांवरून बार कौन्सिलला कारवाईचे निर्देश दिले. कायदा समजावणारा लेख लिहिणं आणि 'आमच्या अशिलाला आज जामीन मिळवून दिला' असं हार घातलेल्या फोटोसह टाकणं, यांतली रेघ ज्युनिअरना आधीच दाखवून ठेवलेली बरी. लेखाचा एक फायदा मात्र खरा: चार लोक वाचणार म्हटलं की ज्युनिअर निकाल शेवटपर्यंत वाचते. तो लेख आधी तक्त्यात घ्या, मग बाहेर टाका.

तर, घ्यायचं काय

पाच माणसांपर्यंत: विचारायला व्हॉट्सॲप, ठेवायला ड्राइव्ह व तक्ता. ग्रुप दोन करा, एक कामाचा, एक शुभेच्छांचा. हा एकच बदल आज संध्याकाळी करता येतो. सहा ते पंधरा: हेच, पण शनिवारची पाळी लेखी ठरवून, आणि अशिलांची कागदपत्रं ग्रुपवर न टाकता ड्राइव्हची लिंक देऊन. त्यापुढे टीम्स किंवा तसंच काही, पण आधी सहा महिने तक्ता चालवून दाखवा. टेलिग्राम कुठल्याच आकाराला नाही.

आमचा एक प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटला नव्हता. कुठल्या टेबलावर किती प्रती लागतात, नकलेचा अर्ज किती वाजता दिला तर त्याच दिवशी पुढे सरकतो, रेकॉर्ड रूममध्ये जुनं प्रकरण शोधायला काय सांगावं लागतं, हे सगळं आमच्या कारकून काकांच्या खिशातल्या वहीत आणि डोक्यात. काका टाइप करत नाहीत. म्हणून आता ते आठवड्यातून एक व्हॉइस नोट पाठवतात आणि टायपिस्ट ती तक्त्यात उतरवते. परवाच्या नोटमध्ये एका टेबलाची पूर्ण कार्यपद्धती, तिथल्या साहेबांच्या चहाच्या वेळेसकट, सांगून झाल्यावर ते म्हणाले, "शेवटचं तेवढं लिहू नका हं, ताई." ताईंनी चहाची वेळ गाळली.