डिटेक्टर, वर्गातलं लेखन की तोंडी? एआयच्या काळात असाइनमेंट तपासायची कशी

सत्र संपत आलं की असाइनमेंटचे गठ्ठे टेबलावर येतात आणि एकामागून एक फाईल सारखीच वाटायला लागते. इंग्रजी बिनचूक, परिच्छेद नेटके, पण त्यात लिहिणारा कुठे सापडत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून हे वाढत गेलं. सोलापुरातल्या एखाद्या विभागाला यावर धोरण ठरवायचं असेल, तर समोर तीन वाटा आहेत: एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं साधन म्हणजे डिटेक्टर घेणं, सगळं वर्गात हाताने लिहून घेणं, किंवा तोंडी घेणं. माझा कौल तोंडीला आहे.

डिटेक्टर सोपा वाटतो. फाईल टाकली की टक्केवारी येते. पण चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच 2023 च्या जानेवारीत असं साधन काढलं आणि जुलैत मागे घेतलं. एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम 26 टक्के त्याला ओळखता येत होता, आणि माणसाने लिहिलेल्यातला 9 टक्के ते एआयचा ठरवत होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या 91 निबंधांवर या डिटेक्टरांनी सरासरी 61 टक्के वेळा एआयचा शिक्का मारला. कारण साधं आहे: मोजके शब्द आणि सरळ वाक्यं दिसली की डिटेक्टरला यंत्राचा संशय येतो.

आता आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. अशोक चौकातली मुलगी घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटचा मुलगा कन्नड, कुणी उर्दू शाळेतून आलेलं. बीकॉमचं इंग्रजी ही यांची तिसरी भाषा. स्वतः रात्र जागून साध्या वाक्यांत लिहिणाऱ्या या मुलांवरच आळ येणार, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नसणार. मला हे अजिबात मान्य नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीतली 10 टक्क्यांची मर्यादा आधीच्या लिखाणाशी असलेल्या साम्याची आहे, एआयच्या मजकुराची नाही. प्रबंधात साम्य 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. एआय मजकूर नव्याने जुळवतं, त्यामुळे साम्याच्या अहवालात तो बहुधा स्वच्छ निघतो. पीएचडीला ही तपासणी हवीच, पण एआयचा निकाल तिच्यातून लागत नाही.

वर्गात हाताने लिहून घेणं स्वस्त आणि निर्धोक. मात्र त्यातून पाठांतर तपासलं जातं आणि लेखी परीक्षा तर तेच करते. प्रकल्पाला ते चालणार नाही.

तोंडीला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. 60 जणांना पाच-पाच मिनिटं दिली तरी पाच तास. पण हे तास आठवडाभरात विभागता येतात, आणि विषय गावातला दिला तर तीन प्रश्नांत उलगडा होतो. समजा, विडी कामगारांच्या मजुरीवर प्रकल्प आहे. विचारा: हजार विड्यांमागे काय मिळतं? पानं आणि तंबाखू कोण देतं? नापास ठरवलेल्या विड्यांचे पैसे कुणाचे जातात? घरी आई विड्या वळत असेल किंवा शेजारी जाऊन खरंच विचारलं असेल, तर उत्तर धडाधड येतं, वर दोन तक्रारीही येतात. एआयकडून उतरवलेला प्रकल्प ‘असंघटित क्षेत्रासमोरील आव्हानां’पाशीच अडतो. यंत्रमागाच्या प्रकल्पातही तेच: सूत कुठून येतं, लाइट गेली की त्या पाळीची मजुरी मिळते का, हे कारखान्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

यात पक्षपाताची भीती आहे. म्हणून गुणांचे निकष आधी लिहून लावा, दोन प्राध्यापक बसा, आणि उत्तर मराठीत द्यायला मोकळीक ठेवा. बुजऱ्या मुलांना त्याने निम्मा धीर येतो. इंग्रजी सुधारायला एआय वापरलं असेल तर कशासाठी, हे शेवटच्या पानावर चार ओळींत लिहून घ्या आणि त्याचे गुण कापू नका. संदर्भांपैकी कुठलेही दोन ग्रंथालयात शोधून पाहा, कारण नसलेली पुस्तकं एआय बिनधास्त रचून देतं.

कॉलेजने डिटेक्टर आधीच विकत घेतला असेल, तर त्याचा आकडा पाहून गुण कापू नका. त्या विद्यार्थ्याला बोलवा, त्याची फाईल समोर ठेवा आणि तेच तीन प्रश्न विचारा.