वास गेला, डाग राहिला : लाकडी जमिनीवर वापरलेल्या एन्झाइम क्लीनरचा अनुभव

पुस्तकांच्या कपाटामागचा एक कोपरा आमच्या बोक्याने कित्येक आठवडे स्वतःसाठी राखून ठेवला होता, आणि त्याचा पत्ता आम्हाला लागला तो दमट हवा सुरू झाल्यावर. तोवर तिथे साबणाचे पाणी, व्हिनेगर आणि फिनाईल असे सगळे प्रयोग नकळत होऊन गेले होते. यांपैकी फिनाईलचा मला आज पश्चात्ताप होतो, कारण त्यातील फेनॉल मांजरांना विषारी असते. शेवटी पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी म्हणून विकले जाणारे एक एन्झाइमयुक्त द्रावण आणले. त्याच्या बाटलीवर डाग आणि दुर्गंधी दोन्ही नाहीशी करण्याचे वचन आहे. माझ्या अनुभवात त्यातले निम्मे वचन खरे ठरले.

जे खरे ठरले ते आधी सांगतो. लघवीतील युरिया पाण्यात सहज विरघळतो, पण युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याला दाद देत नाहीत. ते लाकडाच्या रंध्रांत आणि फळ्यांच्या सांध्यांत बसून राहतात आणि हवेत ओलावा आला की पुन्हा वास सोडतात. व्हिनेगरने अमोनियाचा दर्प तेवढ्यापुरता दबतो. स्फटिक जागच्या जागी असतात. एन्झाइम मात्र या घटकांचेच विघटन करतात, आणि त्यासाठी त्यांना दोन गोष्टी लागतात : प्रत्यक्ष स्पर्श आणि वेळ. बाटलीवर दहा ते पंधरा मिनिटे लिहिली आहेत. तेवढा वेळ ताज्या लघवीला पुरेल. मुरलेल्या जागेला तो पुरला नाही.

दुसरी अडचण फवाऱ्याची आहे. त्यातून इतके बारीक तुषार निघतात की पॉलिशचा पृष्ठभाग छान ओला दिसतो आणि सांधे कोरडेच राहतात. मी सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब द्रावण सांध्यांत सोडले, वर ओलसर फडके पसरले आणि ते सुकू नये म्हणून प्लॅस्टिकने झाकून चार तास ठेवले. लाकडाच्या बाबतीत हे धाडसच म्हणायचे. पाणी जास्त मुरले की फळ्या फुगतात, आणि माझ्याकडे एका फळीची कड इतकी उचलली गेली की नख फिरवताना ते अडकू लागले. सुदैवाने आठवडाभरात ती पुष्कळशी खाली बसली. म्हणून द्रावण ओतू नये, मुरवावे, आणि उरलेले पुसण्याऐवजी टिपून घ्यावे.

पहिल्या रात्री वास कमी होण्याऐवजी वाढला आणि बाटली परत करावी असे वाटू लागले. पण सुकलेले अवशेष पुन्हा भिजल्यामुळे असे होते. जमीन पूर्ण कोरडी पडल्यावर दुसरा हात दिला आणि त्यानंतर जमिनीला नाक टेकवूनही मला काही जाणवले नाही. आणखी एक दमट आठवडा गेला, तरी दर्प परतला नाही. हे यश या द्रावणाचेच आहे. फक्त त्यात घातलेल्या फुलांच्या सुगंधाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे : पहिले दोन दिवस दुर्गंधी गेली आहे की नुसती झाकली गेली आहे, हे त्या सुगंधामुळे कळतच नाही.

जागा नेमकी कुठवर पसरली आहे हे पाहण्यासाठी अतिनील किरणांची टॉर्च उपयोगी पडली. अंधारात लघवीचे अवशेष पिवळट-हिरवे चमकले आणि ज्याला आम्ही एक कोपरा समजत होतो तो ओघळ सांध्यावाटे दोन फळ्या पुढे गेलेला आढळला. काही साबणांचे अंशही असेच चमकतात, त्यामुळे टॉर्चवर भरवसा ठेवताना नाकाचीही साक्ष काढावी.

आता डागाविषयी. साठलेल्या लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, त्याने पॉलिश खराब होते आणि लाकडातील टॅनिन या नैसर्गिक तुरट द्रव्याशी संयोग होऊन लाकूड काळवंडते. खिळ्यांभोवतीची वर्तुळे तर अगदी काळी होती. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की जी काळी शाई बनते, तोच हा प्रकार. हा लाकडाचाच बदललेला रंग असल्यामुळे एन्झाइमला तिथे तोडायला काही उरलेलेच नसते, आणि बाटलीवरचे वचन इथे फसवे ठरते. तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेले फडके काही तास ठेवल्यावर डाग तपकिरी झाला, पण भोवतीचे लाकूडही फिकटले. हा उपाय एन्झाइमचे काम संपल्यानंतरच करावा, कारण पेरॉक्साइडमुळे एन्झाइम निकामी होऊ शकतात; शिवाय ते व्हिनेगरमध्ये मिसळू नये. ब्लीचिंगचे द्रावण तर अशा जागी मुळीच नको, कारण अमोनियाशी संयोग होऊन घातक वायू निघतो. वाफेच्या यंत्राने लाकूड आणि पॉलिश दोन्ही बिघडण्याची भीती असते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

उरलेला डाग मी पॉलिशपेपरने घासून पाहिला. काळेपणा फळीत खोलवर उतरला होता, तेव्हा नाद सोडला आणि लाखेच्या पॉलिशचे दोन हात देऊन जागा बंद केली. बोक्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झाल्याचे पशुवैद्यांकडे गेल्यावर कळले. ती तपासणी मी बाटली विकत घेण्याआधी करायला हवी होती. त्याची वाळूची पेटी आता त्याच दोन काळ्या फळ्यांवर असते. हे द्रावण मी पुन्हा घेईन, पण वासासाठी, आणि बिनसुगंधाचे मिळाले तर.