हिरवा दिवा लागला तरी सिरिंज बघाच: बारकोड स्कॅनरचे आठ महिने

मी उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे स्कॅनर आले. आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध. डॉक्टरांच्या ऑर्डरशी जुळलं तर हिरवं, नाही तर लाल आणि कर्कश बीप. पहिला महिना आम्ही सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. रात्री दहाचा राउंड लांबायचा, सकाळचा हँडओव्हर रखडायचा आणि माझी ठरलेली लोकल रोज डोळ्यांदेखत निघून जायची.

मत फिरलं ते एका रात्रीत. १४ नंबरला पाटील आजी, १५ नंबरलाही पाटील आजी. चौदाचं हिपॅरिन घेऊन मी पंधराच्या उशाशी उभी. "पाटील आजी ना?" "हो गं बाई." त्यांचं तरी काय चुकलं! पट्टा स्कॅन केला, व्हायल म्हणजे इंजेक्शनची बाटली धरली, लाल. या आजी शौचातून रक्त जातं म्हणून ॲडमिट होत्या आणि माझ्या हातात रक्त पातळ करायचं इंजेक्शन. नर्सिंग स्टेशनवर येऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० साली छापून आला होता. वेळेच्या चुका सोडल्या, तर औषध देताना होणाऱ्या बाकीच्या चुका बारकोडमुळे ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या. शून्यावर नाही. उरलेल्या कुठून येत असतील, ते आता आमच्याच वॉर्डात दिसतं.

बारीक मनगटावर पट्टा इतका वळतो की कोड वाचलाच जात नाही. मग कोणीतरी जादा पट्टा छापून फाइलला चिकटवतं आणि पेशंटऐवजी फाइल स्कॅन होते. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. सरकारने १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केला, पण लेबलवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर चालतो. वॉर्डात येते कापलेली स्ट्रिप, त्यावर आमच्या फार्मसीचं लेबल. तेच चुकलं तर स्कॅनर बिनदिक्कत हिरवा.

मला सर्वात जास्त धास्ती इन्सुलिनची. आपल्याकडे व्हायल ४० युनिटची मिळते आणि १०० युनिटचीही, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. रात्रीच्या मिणमिणत्या उजेडात ओळखून दाखवा. शंभरच्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला जातात २५ युनिटं. पट्टा बरोबर, व्हायल बरोबर, दिवा हिरवा! सिरिंजला बारकोड नसतो.

स्कॅनर परत द्याल का विचारलं तर नाही, मुळीच नाही. लिफ्टजवळच्या दोन बेडना वायफाय नीट मिळत नाही, तेवढं आयटीवाल्यांनी बघावं. लाल टोपीच्या सिरिंज ट्रॉलीतून काढा, असं इन्चार्ज सिस्टरना लेखी दिलंय. तोवर इन्सुलिन भरलं की शेजारच्या सिस्टरला हाक मारते, "जरा रेघ बघ गं."