बर्ट्राम 31: जुना सांगाडा, नंतर बसवलेले डिझेल

खोल समुद्रात गळाने मासेमारी करण्यासाठी दोन डिझेल इंजिनांची वापरलेली बोट घ्यायची, असे ठरवून मी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर स्टुअर्टच्या आसपास चार महिने बोटी पाहिल्या आणि अखेर 1978 सालची बर्ट्राम 31 घेतली. एक पूर्ण हंगाम ती वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. या बोटीच्या वयाला लोक बिचकतात. माझ्या मते बिचकायचेच असेल तर तिच्यात डिझेल इंजिने कोणी आणि कशी बसवली, याला बिचकावे.

सी. रेमंड हंट यांनी आखलेला खोल व्ही आकाराचा तळ हे या बोटीचे खरे भांडवल आहे. 1960 च्या मायामी-नासाउ शर्यतीत, समुद्र खवळलेला असताना, रिचर्ड बर्ट्राम यांची ‘मॉपी’ ही लाकडी बोट पहिली आली. तिच्यावरूनच फायबरग्लासची 31 फुटी बोट तयार झाली आणि 1961 पासून 1983 पर्यंत ती बनत राहिली. गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो आणि थंडीत वारा उत्तरेचा सुटला की त्या प्रवाहावर आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा पाण्यात समवयस्क बोटी धाडधाड आपटत असताना ही बोट लाट कापत जाते. पाणी मात्र अंगावर भरपूर घेते.

या बोटी मुख्यतः पेट्रोल इंजिनांसह विकल्या गेल्या. आज बाजारात दिसणाऱ्या डिझेल बोटींपैकी बहुतेकींत इंजिने नंतर बदललेली असतात, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन बोटींत जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. माझ्या बोटीत कमिन्सची 5.9 लिटरची, सहा सिलिंडरची दोन इंजिने आहेत. कोथरूडच्या कारखान्यामुळे हे नाव पुणेकरांना परके नाही. मागच्या उघड्या डेकवरच्या दोन पेट्यांखाली ती बसतात आणि झाकण उचलले की दुरुस्तीसाठी चारही बाजूंनी हात पोहोचतो, ही सोय मोठ्या बोटींतही सहसा मिळत नाही. मात्र इंजिने खाली बसत असल्याने एक्झॉस्टचा कोपरा (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे वरचे वळण) जलरेषेच्या पुरेसा वर नेणे अवघड होते. मोठा मासा गळाला लागल्यावर बोट जोरात मागे घ्यावी लागते. त्या वेळी समुद्राचे पाणी एक्झॉस्टच्या नळीत शिरते आणि कोपरा बुटका असेल तर थेट टर्बोपर्यंत जाते. हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, मोजपट्टी आणि टॉर्च पुरते.

पाहिलेल्यांपैकी पहिली बोट मी या कारणाने नव्हे, तर हाताला लागलेल्या उबेमुळे सोडली. सकाळी आठची वेळ ठरली असताना मी साडेसातला पोहोचलो, पेटीचे झाकण उचलून इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवला, तर तो कोमट होता. थंड डिझेल इंजिन सुरू होताना किती कुरकुरते आणि कोणत्या रंगाचा धूर सोडते, यावरून फार कळते: निळा धूर तेल जळत असल्याचा, पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा किंवा पाण्याचा. विक्रेत्याने ते आधीच सुरू करून ठेवले असेल तर ही साक्ष पुसली जाते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात लहानपणी तांडेलांना इंजिनावर असाच हात ठेवताना पाहिले होते. ते शिक्षण इतक्या वर्षांनी कामी आले.

घेतलेल्या बोटीतही दोष होता, तो सागरी चाचणीत सापडला. या इंजिनांनी पूर्ण थ्रॉटलवर 2,800 आरपीएम गाठायला हवेत. दोन्ही 2,550 वर अडकली. बोटीच्या मागच्या पाटीवरून बोट फिरवले (मराठीत हे वाक्य जरा गोंधळाचेच होते), तर ते काजळीने काळे झाले. आधीच्या मालकाने जास्त पिचचे, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापू पाहणारे, पंखे लावले होते. त्यामुळे इंजिने कायम ओझ्याखाली, जास्त तापून चालत होती आणि अशाने व्हॉल्व्ह व पिस्टन झिजतात. तासांच्या मीटरवर जेमतेम 900 तास दिसत होते, पण असे 900 तास नीट चाललेल्या 2,500 तासांपेक्षा वाईट असू शकतात. म्हणून मी तळ तपासणाऱ्या सर्व्हेअरखेरीज इंजिनांसाठी वेगळा जाणकार नेमला, तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि आफ्टरकूलर उघडून पाहण्याची अट घातली. टर्बोतून येणारी हवा समुद्राच्या पाण्याने थंड करणारा हा भाग वर्षानुवर्षे न उघडल्यास आतून गंजतो आणि एके दिवशी खारे पाणी हवेच्या वाटेने इंजिनात उतरते. माझे दोन्ही आफ्टरकूलर मिठाने असे धरले होते की ते सोडवायला दुपार गेली. त्या खर्चाची आणि पंख्यांच्या कामाची रक्कम किमतीतून वळती झाली.

तळाने मात्र काही त्रास दिला नाही. बोट पाण्याबाहेर उचलल्यावर सर्व्हेअरने हातोडीने ठोकत पूर्ण तळ तपासला, आवाज सर्वत्र टणक आला. फक्त आतल्या प्लायवूडच्या एका आडभिंतीचा खालचा वीतभर भाग मऊ निघाला.

पंखे बदलल्यावर इंजिने 2,820 पर्यंत जातात. 2,200 आरपीएमवर सुमारे 22 नॉटचा वेग मिळतो आणि दोन्ही इंजिने मिळून ताशी 17 गॅलनच्या आसपास डिझेल पितात. किंगफिश, म्हणजे आपल्या सुरमईची चुलत बहीण, आणि माही-माही यांच्यामागे दिवसभर फिरायला हे परवडते.

ज्यांना इंजिन बंद करून, प्रवाहावर सोडून मासेमारी करायची आहे, त्यांनी मात्र ही बोट घेऊ नये. जो तळ धावताना लाट कापतो, तोच थांबल्यावर पाळण्यासारखा डोलतो. आमचे मेहुणे अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेले, पण मागच्या मार्चमध्ये इंजिने बंद केल्यावर चाळीस मिनिटांत केबिनमध्ये आडवे झाले आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत उठले नाहीत.