‘काम’, ‘सरीन’ की ‘कंपोज्ड’? शांतपणासाठी नेमका इंग्रजी शब्द निवडताना

मराठीत माणूस शांत असतो, तळं शांत असतं, वर्ग शांत असतो आणि मोर्चाही शांततेत पार पडतो. एकाच शब्दावर सगळं भागतं आणि तो कुठेच खटकत नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र या चारही ठिकाणी वेगळा शब्द लागतो. तो चुकला तर वाक्य व्याकरणात बसूनही अर्थ भलतीकडे जातो. शिफारसपत्रात उमेदवाराला ‘प्लॅसिड’ म्हटलं, तर कौतुक बाजूलाच राहतं आणि माणूस जरा थंडच आहे, असा सूर लागतो. समानार्थी शब्दांच्या कोशात हे सगळे शब्द एका ओळीत बसलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर तिथे कळत नाही.

निवड करताना आधी एक प्रश्न विचारावा: इथे खळबळ उडण्यासारखं काही होतं का? होतं आणि तरी माणूस ढळला नाही, की मुळात काही घडतच नव्हतं? निम्मं काम या प्रश्नानेच होतं.

सगळ्यात सुरक्षित शब्द ‘काम’ (calm). त्याच्या स्पेलिंगमधला ‘ल’ उच्चारात येत नाही. समुद्र, आवाज, सकाळ, डॉक्टर अशा कशालाही तो लागतो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट श्रेणीत शून्य क्रमांकाचं नावच ‘काम’ आहे. त्या वेळी धूर सरळ वर चढतो. त्याच श्रेणीच्या दुसऱ्या टोकाला वादळ आहे, आणि ‘काम’ म्हणताना ती दुसरी शक्यता कुठेतरी मनात असतेच. म्हणूनच आणीबाणीत डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्याला हा शब्द चपखल बसतो. शंका असेल तेव्हा हाच वापरावा. अपवाद एकच. चिडलेल्या माणसाला ‘प्लीज काम डाउन’ असं लिहू नये. ‘प्लीज’ लावलं तरी त्यात ‘तुम्ही उगाच तापलात’ असा ठपका असतो आणि समोरचा आणखी भडकतो.

‘क्वाएट’चा संबंध मुख्यतः आवाजाशी. ‘सायलेंट’ म्हणजे आवाज अजिबातच नाही आणि ‘स्टिल’ म्हणजे हालचाल नाही. ‘क्वाएट’ माणूस कमी बोलतो, एवढंच. त्याच्या मनात काय चाललंय, ते हा शब्द सांगत नाही. उलट एखादा भरपूर बोलणाराही ‘काम’ असू शकतो. ‘पीसफुल’मध्ये भांडण किंवा हिंसा नसणं महत्त्वाचं. घोषणांनी रस्ता दणाणून गेला तरी कुणावर हात उचलला गेला नसेल, तर तो ‘पीसफुल प्रोटेस्ट’. बातमीतलं ‘शांततेत आंदोलन’ इंग्रजीत ‘क्वाएट प्रोटेस्ट’ झालं, तर वाचणाऱ्याला आंदोलक गुपचूप, जवळजवळ मुक्यानेच उभे होते, असं वाटेल.

‘ट्रँक्विल’ आणि ‘सरीन’ यांच्यात सगळ्यात जास्त गल्लत होते. हे दोन्ही शब्द चंद्रावरही शेजारी-शेजारी आहेत. रिचोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1651 मध्ये तिथल्या काळपट मैदानांना समुद्रांची लॅटिन नावं दिली. त्यांतल्या एका नावाचं इंग्रजी रूप ‘सी ऑफ ट्रँक्विलिटी’. 20 जुलै 1969 रोजी अपोलो 11 तिथे उतरलं. त्याला लागूनच ‘सी ऑफ सरेनिटी’ आहे. ‘सरीन’चं मूळ निरभ्र आकाश सांगणाऱ्या लॅटिन शब्दात आहे, आणि तो स्वच्छपणा अजूनही त्या शब्दात जाणवतो. गढूळ काही उरलेलं नाही, चेहरा आतून निवळलेला आहे, अशा वेळी ‘सरीन’. ‘ट्रँक्विल’ मात्र आधी जागेला शोभतो: जंगलातलं तळं, वर्दळ नसलेली बाग. माणसाला तो लावता येतो, पण थोडा पुस्तकी वाटतो. माणसाच्या चेहऱ्यासाठी म्हणून मी ‘सरीन’च निवडेन. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र दोन्ही नकोत, तिथे ते कवितेसारखे वाटतात.

‘कंपोज्ड’ या गटात मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात कष्ट दिसतात. अंत्यविधीला उभ्या असलेल्या मुलीबद्दल ‘शी वॉज काम’ म्हटलं, तर ती आतूनच शांत होती, असं वाटतं. ‘शी वॉज कंपोज्ड’ म्हटलं, की तिने स्वतःला सावरून धरलंय, हे कळतं. आत काय उलथापालथ चाललीय, ते तिचं तिलाच ठाऊक. मध्येच तिचा बांध फुटला आणि तिने पुन्हा स्वतःला सावरलं, तर ‘शी रीगेन्ड हर कंपोजर’. शोकाबद्दल लिहिताना हा फरक पाळायलाच हवा. नाहीतर दुःख गिळून उभं राहिलेलं माणूस कागदावर बेफिकीर दिसतं.

कामाच्या ठिकाणी तारीफ करायची असेल, तर ‘अनफ्लॅपेबल’ हा बोलीतला छान शब्द आहे: काहीही अंगावर आलं तरी न गडबडणारा. ‘इक्वॅनिमिटी’ त्याहून खोल. हा एका प्रसंगाचा शांतपणा नाही. यश-अपयश दोन्ही वेळी टिकणारा तो समतोल आहे, मराठीतल्या ‘स्थितप्रज्ञ’च्या जवळ जाणारा. विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी 1889 मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना निरोपाच्या भाषणात दोन गुण सांगितले होते. ‘इम्परटर्बेबिलिटी’ म्हणजे चेहऱ्यावर आणि वागण्यात चलबिचल न दिसणं, आणि ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे त्याचीच मनातली बाजू. इतकं नेमकं विभाजन कोशात क्वचितच मिळतं.

आता सांभाळून वापरायचे शब्द. ‘इम्पॅसिव्ह’ चेहऱ्यावर भावनाच उमटत नाहीत. ‘नॉनशलंट’ माणसाला फिकीर नसते, निदान तो तसं दाखवतो. ‘कंप्लेसंट’ तर सरळ दोष आहे: आपलं उत्तम चाललंय या समजुतीत धोक्याकडे काणाडोळा करणारा. परीक्षेआधी मुलगी ‘काम’ असेल तर पालकांना बरं वाटेल, ‘नॉनशलंट’ असेल तर चिंता वाटेल आणि ‘कंप्लेसंट’ म्हटलं तर ती तक्रारच झाली.

क्रियापदांतही हीच काळजी घ्यावी लागते. ‘सूद’ म्हणजे वेदना किंवा भीती हळूहळू उतरवणं. रडणारं बाळ किंवा जळजळणारी त्वचा, दोन्हींना तो चालतो. ‘पॅसिफाय’ बाळासाठी ठीक आहे, पण एखाद्या प्रदेशाबद्दल वापरला की त्यात सैन्याच्या बळावर बंदोबस्त केल्याचा अर्थ येतो. ‘अपीज’ सगळ्यात जड. सप्टेंबर 1938 च्या म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊ केला गेला. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि ब्रिटनच्या त्या ‘अपीजमेंट’च्या धोरणाचं नाव कायमचं खराब झालं. आज ‘अपीज’ म्हटलं, की तत्त्व सोडून मागणी मान्य केली, असाच अर्थ निघतो. त्यामुळे नाराज ग्राहकाची समजूत घातल्याचं वरिष्ठांना कळवायचं असेल, तर ‘वी अपीज्ड द कस्टमर’ नको. ‘वी रीअशुअर्ड द कस्टमर’ लिहावं.