वसतिगृहातली गरम पाण्याची लाइन आणि तिची फिटिंग्ज: दहा महिन्यांच्या वापरानंतर

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं मुलींचं वसतिगृह आहे. तीन मजले, 34 खोल्या, खाली मेस. सासूबाईंनी ते सुरू केलं, आता मी बघते. इथल्या बऱ्याच मुली राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठात शिकतात, म्हणजे पहाटे पाचला रियाजाला बसायचं आणि त्याआधी आंघोळ उरकायची. जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. त्या वेळी नळाला गरम पाणी आलं नाही तर मुलींचे हाल होतात, आणि ते हाल मी दोन हिवाळे डोळ्यांनी पाहिले आहेत.

मागच्या जूनमध्ये मुली सुट्टीला गेल्यावर गरम पाण्याची जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन काढून सगळी नवीन टाकली. आता एप्रिल चालू आहे. अख्खा हिवाळा निघाला, ऊनही पुन्हा चढलं, तेव्हा आता खात्रीनं लिहिता येईल. पाइप कुठला घ्यायचा यावर मी दोन महिने घालवले आणि फिटिंगची यादी दोन दिवसांत उरकली. ही माझी चूक होती. दहा महिन्यांत पाइप एकदाही फुटला नाही. जो काही त्रास झाला तो सगळा सांध्यांवर झाला.

जुना पाइप निळ्या पट्टीचा, म्हणजे मध्यम जाडीचा होता. कापला तेव्हा अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसली. आम्हाला नळाचं पाणी तिघऱ्याच्या धरणाचं. (विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले आणि नंतर तिघऱ्यालाही, हे पुण्याच्या पाहुण्यांना मी आवर्जून सांगते.) पण उन्हाळ्यात ते पाणी पुरत नाही, मग टाकीत बोअरचं मिसळावं लागतं. बोअरचं पाणी जड. तापवलं की क्षार पाइपाच्या आत बसत जातो, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका भरभर बसतो. शिवाय जीआयवरचा जस्ताचा मुलामा थंड पाण्यात स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, पण पाणी साधारण 60 अंशांच्या पुढे गेलं की हे उलटू शकतं आणि लोखंडच खाल्लं जातं. रोज सकाळची पहिली बादली तांबडी का यायची, ते तेव्हा समजलं.

नव्या लाइनीसाठी तांबं, प्रेस फिटिंगचं स्टेनलेस स्टील, पीपीआर आणि सीपीव्हीसी (हे दोन गरम पाणी झेलणारे प्लास्टिकचे पाइप) असे चार पर्याय पाहिले. तांबं सगळीकडे परवडणारं नव्हतं. स्टेनलेसचं प्रेस फिटिंग मला मनापासून आवडलं. आग नको, चिकटवायचं सोल्युशन नको, मशीननं दाबलं की सांधा तयार. पण ते दाबायचं मशीन ज्याच्याकडे आहे असा माणूस आमच्या भागात मला सापडला नाही. पहाटे पाचला गळती लागली तर साडेसहापर्यंत कोण येईल, हा माझा पहिला प्रश्न होता. पीपीआरलाही तापवून जोडायचं मशीन लागतं. सीपीव्हीसीचे एल्बो (काटकोनी वळण), टी (तीन तोंडांचा सांधा), सॉकेट, रिड्यूसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला असतो. म्हणून मुख्य लाइन सीपीव्हीसीची, एसडीआर 11 ची (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट) घेतली.

मापाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बहुतेक लोक फसतात. जीआयचा अर्धा इंच आणि सीपीव्हीसीचा अर्धा इंच सारखे नसतात. जीआयच्या अर्ध्या इंची पाइपाची आतली वाट साधारण 16 मिलिमीटर असते. सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाइप बाहेरूनच 15.9 मिलिमीटर, त्यामुळे आतून जेमतेम साडेबारा. छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर जुन्याच्या साठ टक्के. अर्ध्याच्या जागी अर्धा, पाऊणच्या जागी पाऊण असं बसवलं तर पाणी बारीक येणारच, आणि मग लोक म्हणतात प्लास्टिकला प्रेशर नाही. मी सगळीकडे एक माप वाढवलं आणि फक्त न्हाणीघरातला शेवटचा हातभर तुकडा अर्ध्या इंचाचा ठेवला. तिसऱ्या मजल्यावर पहिल्यांदाच शॉवर नीट चालतोय. टाकी गच्चीवर, त्यामुळे त्या मजल्याला उंचीचा दाब नावापुरताच मिळतो. तिथे एक-एक एल्बो मोजून वाचवावा लागतो. मिस्त्रीनं एका शाफ्टमध्ये पाइप फिरवून सहा एल्बो लावले होते. ते काढून दोन 45 अंशांचे बेंड लावायला लावले आणि फरक बादली भरायच्या वेळेवरून दिसला.

प्रेशर रेटिंग वाचून घाबरायचं कारण नाही. एसडीआर 11 चा सीपीव्हीसी 82 अंशांना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलो दाब झेलतो, 23 अंशांना 28 किलो. तीन मजली इमारतीत तळमजल्याला उंचीचा दाब एक-सव्वा किलोच्या वर जात नाही. खरी भीती उष्णतेची. आमच्या गच्चीवर सोलर आहे. मे महिन्यात मुली घरी गेलेल्या असतात, पाणी कोणी वापरत नाही, आणि सोलरच्या टाकीतलं पाणी उकळायच्या बेतात येतं. ते थेट प्लास्टिकमध्ये सोडायचं नाही. म्हणून सोलर ते टाकी आणि टाकीतून निघणारी पहिली दोन मीटर लाइन तांब्याची केली. त्यानंतर मिक्सिंग व्हॉल्व्ह, जो थंड पाणी मिसळून पुढे 60 अंशांच्या आसपास पाणी सोडतो. सीपीव्हीसी त्याच्या पुढे सुरू होते. हा व्हॉल्व्ह महाग वाटला होता. सगळ्या कामात पुन्हा पहिल्यांदा कशावर खर्च करीन, तर यावरच.

टाकीच्या जीआय निपलला (आट्यांच्या छोट्या तुकड्याला) तांबं मात्र थेट जोडलं गेलं होतं. मार्चमध्ये फडक्यानं पुसायला गेले तेव्हा आट्यांच्या भोवती गंजाची खपली आणि हिरवट डाग. दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना भिडले की त्यातला जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो, हे शाळेत शिकलेलं, पण जागेवर कोणाच्या लक्षात आलं नाही. आता मध्ये इन्सुलेटेड युनियन (दोन धातूंना एकमेकांना भिडू न देणारा सांधा) आहे. तांब्यातून आलेलं पाणी पुढे जीआयमध्ये जाऊ द्यायचं नाही, हेही याच वेळी समजलं. त्यात विरघळलेलं तांबं पुढच्या जस्तावर बसतं आणि तिथे बारीक खड्डे पडतात.

आता आट्यांचं. सीपीव्हीसीला नळ किंवा व्हॉल्व्ह जोडायचा तर पितळेच्या आट्या असलेली फिटिंग घ्यायची; आट्या आतून असतील तर दुकानात तिला एफएबीटी म्हणतात, बाहेरून असतील तर एमएबीटी. निव्वळ प्लास्टिकच्या आट्या स्वस्त असतात आणि थंड पाण्याला चालूनही जातात. गरम पाण्याला नाहीत. तापून-थंड होऊन सैल पडतात, मग मिस्त्री पाना लावून आणखी आवळतो आणि फिटिंग उभी चिरते. आमच्याकडे मेसमध्ये अशा दोन राहून गेल्या होत्या. एक सप्टेंबरात गेली, दुसरी मी त्याच दिवशी काढायला लावली.

मिस्त्रीजी जुन्या हाताचे, सुतळी आणि सफेदा घेऊनच आले होते. सफेद्यात अळशीचं तेल असतं आणि तेल सीपीव्हीसीला आतून कमकुवत करतं. मी नको म्हटलं तर ते म्हणाले, “बहनजी, चालीस साल से यही लगा रहे हैं।” चाळीस वर्षं त्यांनी लोखंडावर लावलं होतं आणि तिथे ते बरोबरच होतं. त्यांना शेजारी बसवून कंपनीचं पत्रक वाचून दाखवलं, तेव्हा मानले, आणि नंतर टेफ्लॉन टेप स्वतःच मोजून गुंडाळायला लागले. स्वयंपाकाच्या तेलाचंही तसंच. मेसमध्ये कढईजवळून जाणाऱ्या लाइनीला मी आता बंद पट्टीत घेतलंय.

सोल्युशन लावण्याची एक गोष्ट ग्वाल्हेरच्या जूनमुळे शिकले. दुपारी गच्चीवर 45 अंशांत सोल्युशन पाइप आत जायच्या आधीच सुकायला लागतं. वरून सांधा झालेला दिसतो, आत धरलेला नसतो. गच्चीवरचे सगळे सांधे मग सकाळी सातच्या आत केले. आणि टेस्ट पाण्यानेच करायची, हवेनं कधी नाही. आम्ही 10 किलोवर तासभर दाब ठेवला, तीन सांधे झिरपले, ते तिथेच कापून पुन्हा केले.

जानेवारीतली गळती मात्र टेस्टमध्ये दिसणारी नव्हती. गच्चीवर एक 24 मीटरची सरळ लाइन आहे. नकाशात मी तिच्या मध्यावर लूप (पाइप वाढला तर ती लांबी सामावून घेणारा वळसा) दाखवला होता. ठेकेदारानं सरळ लाइन दिसायला चांगली म्हणून तो गाळला, आणि मीही वर जाऊन पाहिलं नाही. सीपीव्हीसी दर मीटरला दर अंशामागे साधारण 0.063 मिलिमीटर वाढते. रात्री पाइप 5 अंशांवर, पहाटे त्यात 60 अंशांचं पाणी. 24 मीटरला हिशेब करा: 83 मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन इंच. एवढी लांबी रोज सकाळी कुठेतरी जायला हवी. ती शाफ्टच्या तोंडावरच्या टीवर जात होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे ती टी चिरली. थंडीत सोल्युशन लवकर धरत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर पूर्ण दिवस लाइन बंद ठेवावी लागली आणि मुलींना चुलीवरचं पाणी बादलीनं दिलं. त्या दिवशी एकीचा सादरीकरणाचा दिवस होता. मला अजून वाईट वाटतं. आता तिथे चार एल्बोंचा लूप आहे, आणि क्लॅम्प असे की पाइप त्यातून सरकेल. जीआयला घट्ट आवळलेला क्लॅम्प चांगला समजतात, तीच सवय इथे पाइपाचा गळा धरते. क्लॅम्प सैल ठेवायचे पण जवळजवळ, गरम लाइनीला अडीच-तीन फुटांवर, नाहीतर पाइप झोळीसारखा लोंबतो.

क्लॅम्पचीच आणखी एक बाब. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीनं तक्रार केली की पहाटे तानपुरा लावला की भिंतीतून कट् कट् आवाज येतो. मला आधी खरं वाटलं नाही. पाचला तिच्या खोलीत जाऊन बसले. पाणी सुरू झालं की पाइप वाढतो आणि भिंतीच्या छिद्राला घासून अडकत-सुटत पुढे जातो, त्याचा तो आवाज. छिद्रं मोठी केली, पाइपाभोवती मोकळी नळी घातली. आवाज गेला.

परतीची लाइन, म्हणजे टोकाचं पाणी पुन्हा टाकीकडे नेणारी, टाकली हे फार चांगलं झालं. पूर्वी टोकाच्या खोल्यांना गरम पाणी यायच्या आधी दीड बादली थंड पाणी वाया जायचं. आता छोटा पंप पहाटे साडेचार ते साडेआठ पाणी फिरवत ठेवतो. त्यावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच, नाहीतर थंड पाणी उलटं चढतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह ठेवा, पंप उतरवायला दहा मिनिटं पुरतात. टाकीत 60 आणि परतीला 50 च्या खाली नको, हा नियम मी जंतूंसाठी पाळते, कारण कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचा जंतू वाढतो. बंद केलेल्या खोल्यांचे नळ म्हणूनच मी आठवड्यातून एकदा सोडते.

बॉल व्हॉल्व्ह हा भाग मला अजून जमलेला नाही. मुख्य फाट्यांवरचे चांगले जड पितळी व्हॉल्व्ह ठीक आहेत. मजल्यांवर घेतलेल्या हलक्या व्हॉल्व्हांपैकी चार क्षारानं अडकले, दांडा फिरतच नाही. आता महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा बंद-उघड करते, बाकीचे त्यामुळे मोकळे राहिले आहेत. ते चार या जूनमध्ये बदलायचे आहेत. त्यांच्यासाठी जस्त न सुटणाऱ्या पितळेचे मागवलेत आणि प्रत्येकाआधी गाळणी. लष्कर भागातल्या दुकानात ते नव्हते, दुकानदारानं जामनगरहून येतील म्हणून सांगितलंय. आल्यावर आणि एक हिवाळा काढल्यावर त्यांचंही लिहीन.