फोन-ब्रॉडबँडचा स्प्लिटर: ४० रुपयांचा आणि १५० रुपयांचा

साताऱ्याच्या आमच्या घरी तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन अजून आहे, आणि मामंजी आहेत तोवर तो राहील. मामंजींनी ऐंशी ओलांडली आहे. मोबाइलवर त्यांना नीट ऐकू येत नाही, पण माजघरातल्या फोनवर कोल्हापूरच्या धाकट्या काकांचं बोलणं शब्द न् शब्द कळतं. काका रोज रात्री नऊला फोन करतात. त्याच तारेवर ब्रॉडबँड आहे आणि वरच्या खोलीत बसून मी तीन दुकानांचे हिशेब, जीएसटीची रिटर्न असली कामं करते.

नऊला फोन वाजला की मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या इंटरनेटचा, दिवा लुकलुकायला लागायचा आणि नेट जायचं. भरत आणलेलं रिटर्न तसंच राहायचं. फोनवरही सारखी खरखर. एक दिवस मामंजी काकांना सांगताना ऐकलं, "नऊला करत जाऊ नकोस, सूनबाईचं काम चालू असतं." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्याच दिवशी मी तारेच्या मागे लागले.

मोडेमबरोबर आलेला स्प्लिटर, म्हणजे एकाच तारेवरचं बोलणं आणि इंटरनेट वेगळं करून फोनला आणि मोडेमला देणारी डबी, कधीतरी हरवला होता, आणि त्या जागी गावातून ४० रुपयांना आणलेली पांढरी डबी लागली होती. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला दोन भोकं, वर इंग्रजीत 'स्प्लिटर' असं छापलेलं. स्क्रू काढून उघडली तर आत नुसत्या चार तारा! एका भोकातून आलेली तार दोन भोकांना जोडून दिलेली. दोन फोन एका तारेवर लावायला ती डबी चालेल, पण ब्रॉडबँडच्या तारेवर तिचा काही उपयोग नाही.

कारण आपलं बोलणं त्या तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात जातं, आणि एडीएसएलचं, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं, इंटरनेट त्याच्या बरंच वर, २५ किलोहर्ट्झच्या पुढे. त्याचाच पुढचा प्रकार, एडीएसएल-टू-प्लस, असेल तर पार २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. फोनच्या वाटेवर वरचा पट्टा अडवणारं काहीतरी हवं. ते नसलं की इंटरनेटचा आवाज फोनमध्ये शिरतो. उलट, घंटी वाजताना किंवा रिसीव्हर उचलताना तारेवर जो झटका बसतो तो मोडेमला बसतो. हे अडवायचं काम तांब्याची वेटोळी, म्हणजे कॉइल, आणि कपॅसिटर करतात.

पुण्याला नणंदेकडे गेले होते तेव्हा वाट वाकडी करून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दोन दुकानांत तीच हलकी डबी पुढे आली. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र विचारलं, "ताई, पॅरलल फोन, म्हणजे त्याच तारेवरचे आणखी फोन, किती आहेत? तार घरात कुठून येते?" हे विचारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. त्यांनी दिलेली डबी हातात घेतल्यावरच जड लागली. मी मागितल्यावर त्यांनी तारेचा रोध मोजणारा मीटरही लावून दाखवला. आधीच्या डबीत 'लाइन' ते 'फोन' नुसता शून्य यायचा, इथे काही ओहम दिसले, म्हणजे मध्ये कॉइल आहे. किंमत १५० रुपये. मी दोन घेतल्या.

आता लावण्याचं, कारण माझी खरी चूक तिथेच होती. आमच्याकडे बाहेरून येणारी तार पडवीतल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत, येते. तिथून एक फाटा माजघरातल्या फोनला आणि एक वरच्या खोलीत. वर मोडेमजवळ स्प्लिटर, पण माजघरातला फोन त्याच्या आधीच फुटलेल्या फाट्यावर, म्हणजे पूर्ण उघडा. वरचा स्प्लिटर कितीही चांगला असता तरी खालच्या फोनचा त्रास थांबला नसता. सगळ्यात उत्तम म्हणजे रोझेटपाशीच एक स्प्लिटर लावून मोडेमला तिथून स्वतंत्र तार न्यायची. आमच्या जुन्या भिंतीतून नवी तार ओढणं शक्य नव्हतं. म्हणून दुसरी डबी खालच्या फोनआधी लावली: 'लाइन'मध्ये तार, 'फोन'मध्ये फोन, 'मोडेम'चं भोक रिकामं. स्प्लिटर असा साध्या फिल्टरसारखाही वापरता येतो, हे त्या दुकानातल्या काकांनीच सांगितलं. एकच ध्यानात ठेवायचं: त्या तारेवरचं एकही उपकरण फिल्टरशिवाय राहता कामा नये. फॅक्स असला तर त्यालाही हवा.

फरक मी डोळ्यांनी पाहिला. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन म्हणून आकडा असतो; तारेवरच्या गोंगाटापुढे सिग्नलला किती वाव आहे ते तो सांगतो, आणि तो जितका मोठा तितकं बरं. आधी तो २२ डेसिबल असायचा आणि रिसीव्हर उचलला की ५ वर यायचा. आता फोन चालू असतानाही २१. खरखर संपूर्ण गेली. वेग मात्र फारसा वाढला नाही. वेगासाठी म्हणून कुणी हा घेऊ नये. ज्यांच्याकडे फायबर आलं आहे त्यांनाही याची गरज नाही, तिथे फोन थेट फायबरच्या मोडेमलाच लागतो.

या डबीत मला एकच उणीव दिसली. भोकांवरची अक्षरं इतकी बारीक आणि फिकट आहेत की मध्यंतरी दुरुस्तीला आलेल्या माणसाने मोडेम चुकून 'फोन'च्या भोकात लावला. फिल्टरने आपलं काम चोख केलं, म्हणजे इंटरनेट पूर्ण अडवलं, आणि दोन दिवस दिवा लागेना. मग मी दोन्ही डब्यांवर काळ्या मार्करने ठळक लिहिलं: तार, फोन, मोडेम. काकांचा फोन परत नऊलाच येतो.